टेम्पो गेटवर थांबतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार होती. कल्याणला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर सामानाचा टेम्पो उभा होता. वर बांधलेली गादी, सुटा केलेला पाळणा, कोरफडीची कुंडी. खाली झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेली बाई. तिच्या नवऱ्याच्या हातात नोंदणी केलेला भाडेकरार होता, पोलीस ठाण्याची पोच होती. वॉचमनला मात्र सोसायटीची एनओसी हवी होती आणि सेक्रेटरी फोनवर सांगत होते, रविवारी कमिटी बसेल तेव्हा बघू. करारावरचं आडनाव आमच्या इमारतीत आधी कधी आलं नव्हतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही. दोन तास ते कुटुंब उन्हात होतं. मी गॅलरीतून पाहत होते आणि खाली उतरायला मला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. त्याची खंत अजून आहे.

गंमत नव्हे, दुःख हे की तशी एनओसी कोणाला लागतच नव्हती. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी आमच्या सोसायटीनेही स्वीकारलेत. घर भाड्याने द्यायचं तर सभासदाने आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढंच त्यात आहे. परवानगी मागायची नाही. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, हे सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय. हे उपविधी सेक्रेटरींच्या कपाटात असतात, आम्ही सभासद ते कधी मागत नाही. म्हणून ‘आपल्याकडे अशीच पद्धत आहे’ हे वाक्य कायद्यासारखं चालतं.

कायद्याच्याही मर्यादा आहेत. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तेव्हा सगळं न्यायालयावर सोपवून चालणार नाही. शेजार मोकळा ठेवायचा की बंद, याचा निर्णय बराचसा सोसायटीच्या सभेत होतो, आणि तिथे आपण जात नाही.

अशा वेळी मला कल्याणहून हाकेच्या अंतरावरची भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं हे यंत्रमागांचं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे रहिवासी आणि त्या भागाचा पोलीस शिपाई एकत्र बसायचे. दंगल झाल्यावर शांततेचं आवाहन करायला जमणारी ही प्रतिष्ठितांची समिती नव्हती. काही घडलेलं नसताना, रोजच्या बारीकसारीक भांडणांसाठी बसणारी माणसं होती ती. नळाचं, गल्लीचं, पोरांचं भांडण तिथेच मिटायचं, आणि मिटवता मिटवता एकमेकांची घरं माहीत व्हायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांच्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू केली.

भिवंडीकडून मी एवढं घेतलं की ओळख आधी लागते, आणि ती होते कामातून. तिळगूळ वाटून गोड बोलणं होतं. पण टाकी साफ करायला किंवा टँकरचा हिशेब लावायला शेजारी बसलेला माणूस अफवेच्या रात्री परका वाटत नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९०च्या दशकात रहिवाशांनी कचऱ्यासाठी एकत्र येऊन महापालिकेला सोबत घेतलं आणि त्या वाटेने मुंबईत एएलएम नावाची व्यवस्था रुजली. ओला-सुका कचरा वेगळा करताना कोण कुठल्या गावचं, हे विचारावं लागत नाही.

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. भाडेकरूला सभेत मत नाही. टाकीचं पाणी तो तेच पितो, लिफ्ट बंद पडली तर जिने तोही चढतो, पण बोलायला जागा नाही. त्या मे महिन्यानंतरच्या वार्षिक सभेत आम्ही दोन ठराव मांडले. भाडेकरूंकडून एनओसी मागू नये आणि उपविधींची मराठी प्रत नोटीस बोर्डाशेजारी टांगावी, हा एक. पाणी, कचरा आणि सुरक्षेच्या कामगटांत भाडेकरूंनाही घ्यावं, हा दुसरा. पहिल्यावर तासभर आवाज चढले. ‘कोण येईल, कसे असतील’ हा प्रश्न विचारणाऱ्या काकांना त्यांच्याच मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “आपण डोंबिवलीहून आलो तेव्हा आपण कसे होतो?” दोन्ही ठराव थोड्या मतांनी मंजूर झाले.

टेम्पोतून आलेली ती बाई आज पाण्याच्या गटात आहे. व्हॉल्व्ह कुठला कधी उघडायचा, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

बी विंगच्या लिफ्टवर मात्र ‘घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा’ ही पाटी अजून आहे. सातव्या मजल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गुडघ्यावर हात ठेवून तिसऱ्या मजल्यावर थांबतात, तेव्हा त्यांचा श्वास मला दाराआडून ऐकू येतो. ३० सप्टेंबरच्या आत सभा व्हायची आहे. पाटी काढण्याचा विषय मी लेखी दिलाय, सूचक म्हणून. अनुमोदक व्हायला पाण्याच्या गटातली ती पहिल्यांदा पुढे आली, पण तिची सही चालत नाही. तिच्या घराचे मालक पुण्याला असतात. तिनेच त्यांना फोन करून बोलावून घेतलं, काल ते येऊन सही करून गेले.