‘स्वतंत्र’ पक्ष आणि पंचगंगेचा काठ

नागपूर काँग्रेसच्या सहकारी शेतीच्या ठरावाने अस्वस्थ होऊन राजाजी, मसानी प्रभृतींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला. लोकसभेत त्याला १९६२ साली १८ व १९६७ साली ४४ जागा मिळाल्या. गुजरात विधानसभेत ६६ आमदार आले. महाराष्ट्रात मात्र दोन्ही वेळा एकही नाही!

कोल्हापूरकरांना याचे कोडे पडू नये. ज्या ‘सहकारा’चे भय गुजरातेतील पाटीदाराला वाटले, तो येथील ऊसकऱ्याने कारखान्याच्या रूपाने पाहिला होता, जमीन त्याच्याच नावावर राहिली होती. काँग्रेसवर रोष दाखवावयाचा तर शेतकरी कामगार पक्ष होताच. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, त्याच पक्षाचे भाऊसाहेब महागावकर येथून लोकसभेवर गेले.

तरीही परवान्यांचा जाच या पक्षाने वेळीच ओळखला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. शेतकऱ्याच्या स्वतःच्या साखर कारखान्यालाही दिल्लीचा परवाना लागे! शेतकऱ्याच्या दारी जाण्याची ही खरी वाट होती. ती काही पक्षाला गवसली नाही. १९७१ साली लोकसभेत त्याचे आठ सभासद उरले आणि १९७४ साली तो भारतीय लोकदलात विलीन झाला.