समोरचा दांडगा असला म्हणून गोलसमोरच उभे राहायचे काय?

एका नातलगाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही किहीमला गेलो होतो. गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून रिक्षाने किहीम. कार्यक्रम आटोपल्यावर संध्याकाळी सुरूच्या झाडांमधून पुळणीवर उतरलो. ओहोटी होती. पाणी मागे गेले की किहीमची ओली वाळू पावलाखाली टणक लागते. त्या वाळूवर मुलांचा फुटबॉल रंगला होता. दोन्हीकडे चपला ठेवून गोल केलेले. एका बाजूला दहावी-बारावीची, अंगापिंडाने भरलेली मुले. दुसऱ्या बाजूला सातवी-आठवीतली, काटकुळी.

खेळ पाहता पाहता एक गोष्ट आमच्या लक्षात आली. लहान मुलांचा सगळा संघ आपल्याच गोलसमोर गोळा झाला होता. चेंडू आला की जिवाच्या आकांताने लांब मारायचा. पुढे आपले कोणीच नाही, त्यामुळे तो समोरच्यांच्याच पायात जायचा आणि पुन्हा परत यायचा. बघता बघता चार गोल झाले. खेळ थांबल्यावर आम्ही त्यांतल्या एकाला विचारले, "अरे, तुमच्यातला एकही पुढे कसा जात नाही?" तो म्हणाला, "काका, ते मोठे आहेत. आम्ही पुढे गेलो तर मागे कोण राहणार?"

प्रश्न पोराचा होता, पण विचार करायला लावणारा होता. आपल्यापेक्षा बलवान माणसासमोर उभे राहायची वेळ आली की आपल्यापैकी किती जण हाच हिशेब करतात! ह्या प्रश्नाचे उत्तर हिंदुस्थानच्या फुटबॉलमध्ये एका शाळामास्तराने मैदानावर देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली आलेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. तो त्यांच्यावरच आहे. पण चित्रपटात भावना जास्त आणि डावपेच कमी दिसतात. म्हणून आज आम्ही त्यांच्या डावपेचांविषयी लिहितो.

दहा गोलांचा धडा

रहीमसाहेब हैदराबादचे, पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघाला त्यांनी घडवले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ह्या संघाने मुंबईतला रोव्हर्स कप जिंकला. कुपरेजच्या मैदानावर हे सामने होत आणि गिरणगावातले फुटबॉलवेडे कामगारही ते पाहायला जात.

देशाच्या संघाची जबाबदारीही रहीमसाहेबांकडेच होती. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपली गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. थंडीचा मुलूख, ओले मैदान, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. आपण एक गोल केला, त्यांनी दहा केले.

दहा गोल खाऊन परत आल्यावर माणूस दोन प्रकारे विचार करू शकतो. पहिला प्रकार असा : ते गोरे, धिप्पाड, बूट घालून खेळणारे, त्यांच्यापुढे आपला निभाव लागायचा नाही. पुढच्या वेळी सगळ्यांनी मागे राहायचे आणि दहाचे पाच झाले तरी समाधान मानायचे. दुसरा प्रकार असा : आपण नेमके कुठे कमी पडलो ते एकेक करून पाहायचे. पाय, बूट, जागा, मांडणी. रहीमसाहेबांनी दुसरा मार्ग धरला. त्या स्पर्धेनंतर आपल्याकडे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. पण बूट ही झाली बाहेरची गोष्ट. खरा बदल मांडणीत झाला.

एक गडी मागे घेऊन केलेली चढाई

त्या काळी पाच गडी आघाडीला एका रांगेत उभे राहत. मधल्या गड्याला सेंटर फॉरवर्ड म्हणत. समोरच्या बचावफळीतला सर्वांत दांडगा गडी त्याच्या मागावर राही. दांडग्याशी अंगाला अंग भिडवून खेळायचे म्हटले तर दुबळा हरणारच.

मग ह्यावर तोड काय? मधल्या गड्याला थोडे मागे ओढायचे. आता समोरच्या दांडग्यापुढे पेच पडतो. तो ह्या गड्याच्या मागे पुढे आला, तर त्याच्या पाठीमागची जागा रिकामी पडते आणि बाजूचे चपळ गडी त्यात घुसतात. तो जागेवरच थांबला, तर आपला मागे गेलेला गडी मोकळा राहतो आणि शांतपणे चेंडू वाटू शकतो. दोन्हीकडून फायदा आपलाच. १९५३ साली हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा हिदेगकुटी हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड असाच मागे राहून खेळला होता. अख्खे जग थक्क झाले. ह्याच धर्तीचा विचार आपल्याकडे रहीमसाहेब करीत होते.

ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, एक गडी मागे घेतला तो बचावासाठी नव्हे. तो चढाईचाच भाग होता. दांडग्याच्या ताकदीशी ताकद लावायची नाही. त्याला त्याच्या जागेवरून हलवायचे आणि तो हलला की ती जागा गाठायची.

त्यासाठी खेळाडूही तसे घडवावे लागतात. रहीमसाहेबांनी हैदराबादेत मुलांसाठी निराळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत पळायला बंदी; आला की लगेच साथीदाराला द्यायचा. दुसरीत फक्त कमकुवत पायाने खेळायचे. उजवा पाय चालतो त्याने डाव्याने आणि डावा चालतो त्याने उजव्याने. चेंडू माणसापेक्षा वेगाने पळतो हे मुलांच्या अंगी मुरावे आणि कोणताही पाय लंगडा राहू नये, हा त्यामागचा विचार. त्याला ना पैसा लागत होता ना मोठे मैदान.

ह्याचे फळ १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. हा गोव्याच्या मातीतला आणि मुंबईच्या मैदानांवर खेळलेला गडी. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. पण ह्या वेळी मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल केला तो नेव्हिलने, म्हणजे आपण!

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पाचच मिनिटांत त्यांनी दोन गोल फेडले आणि शेवटी आपण ४-१ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने आपल्याला हरवले. चौथा क्रमांक मिळाला. डावपेच म्हणजे जादू नव्हे. बलवान हा बलवानच असतो आणि कित्येकदा तोच जिंकतो. पण १०-१ आणि ४-१ ह्यांत केवळ आकड्यांचा फरक नाही. पहिल्या सामन्यात आपण मार खाल्ला होता. दुसऱ्यात काही काळ त्यांना आपल्या मागे धावावे लागले होते.

जाकार्ताचा शेवटचा डाव

रहीमसाहेबांच्या बुद्धीची खरी कसोटी लागली ती १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. पुढे थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून आपण स्पर्धेत टिकलो. पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग ह्याचे डोके थायलंडविरुद्ध फुटले. टाके पडले. त्याला मागच्या जागी खेळवणे धोक्याचे झाले.

कुणीही म्हटले असते, त्याला बसवा. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभे केले! बचाव करणाऱ्याला चढाईवर धाडले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा तो सामना आपण ३-२ असा जिंकला आणि जर्नेलने गोल केला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया आला. इस्राएल आणि तैवान ह्यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने टीका केली होती, त्यामुळे प्रेक्षक आपल्यावर चिडलेले होते. लाखाच्या घरातला जमाव आपल्याविरुद्ध ओरडत होता. अशा वेळी घाबरून मागे सरणे सोपे असते. आपल्या संघाने सुरुवातीपासूनच चढाई केली. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलने. पुढचा सगळा वेळ संघाने ती आघाडी जपली. कोरियाला एक गोल करता आला तो अगदी शेवटी. सामना २-१ आणि सुवर्णपदक आपले. ह्या विजयी संघात फोर्तुनातो फ्रँको हाही गडी होता. गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा.

ह्या सामन्यात रहीमसाहेबांचा सगळा विचार सामावला आहे. ज्याच्याकडून आधी हरलो त्याला नीट पाहून घेतले. मग समोरचा सावरण्याआधी, ताज्या दमात, ठरवून चढाई केली. आणि हाती काही आल्यावर ते राखण्यासाठी बचाव केला. आधी चढाई, मग बचाव. किहीमच्या पोरांनी नेमके उलटे केले होते. हाती काहीच नसताना ते राखत बसले होते.

त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्या देशाला आजवर मिळालेले नाही.

ह्याच तालुक्यातली एक चढाई

कुणी म्हणेल, हे सगळे ऑलिंपिकचे झाले. आमच्या वाडीतल्या पोरांना त्याचे काय? त्यासाठी आम्ही किहीमच्याच अलिबाग तालुक्यातले उदाहरण देतो. १९३३ साली चरी गावी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. खोताकडे पैसा, कोर्ट, सरकारदरबारी वजन. कुळांकडे काय होते? फक्त कष्ट करणारे हात. त्यांनी त्याच हातांचा डाव केला : तुमची जमीन आम्ही कसणार नाही. तो संप सहा वर्षे चालला. बाबासाहेब कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला.

हात जोडून सूट मागणे हा झाला गोलसमोर उभे राहण्याचा प्रकार. कुळांनी खोताला त्याच्या जागेवरून हलवले. जिथे त्याचा पैसा चालत नव्हता, तिथे गाठले. त्यासाठी उपासमार सोसावी लागली, मजुरीला आणि लाकूडफाट्याला बाहेर पडावे लागले, हेही खरे. चढाईला किंमत असते.

आजचेही उदाहरण आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली पोरे पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. नागराज मंजुळे ह्यांचा 'झुंड' (२०२२) त्यावरच आहे. ज्यांच्याकडून समाजाने काही अपेक्षाच ठेवली नव्हती, ती मुले पुढे जागतिक स्पर्धेपर्यंत गेली.

पोरांना काय सांगितले

त्या संध्याकाळी आम्ही किहीमच्या पोरांना एवढा इतिहास सांगितला नाही. ओल्या वाळूवर काडीने रेघा ओढून चारच गोष्टी सांगितल्या. त्या आमच्या वाचकांच्या मुलामुलींनाही उपयोगी पडतील.

पहिली : सात गडी असतील तर दोघांनी कायम पुढेच राहायचे. ते दोघे पुढे असले की समोरच्यांनाही दोन-तीन जण मागे ठेवावे लागतात. म्हणजे तुमच्या गोलवरचे ओझे आपोआप कमी होते. "मागे कोण राहणार?" ह्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

दुसरी : चेंडू मिळाला की डोळे मिटून लांब मारायचा नाही. जवळच्याला द्यायचा आणि आपण रिकाम्या जागेत पळायचे. मोठा मुलगा ताकदवान असतो, पण त्याला वळायला वेळ लागतो.

तिसरी : मधोमध दांडग्यांची गर्दी असते, म्हणून कडेने जायचे.

चौथी : दमलेल्या, चिडलेल्या अवस्थेत चढाई करायची नाही. कधी जायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि एकाने हाक दिली की सगळ्यांनी जायचे.

अंधार पडायच्या आत पुन्हा एक डाव झाला. मोठी मुले पुन्हा जिंकली, पण ४-० ने नव्हे, ३-२ ने. दुसरा गोल झाला तेव्हा त्या काटकुळ्या पोरांनी जो आरडाओरडा केला, तो पार सुरूच्या बनापर्यंत ऐकू गेला असेल. मोठ्यांतला एक मुलगा जाताना म्हणाला, "उद्या पुन्हा या रे." पहिल्या डावानंतर त्याने तसे म्हटले नव्हते.

आईबापांना एकच विनंती. घरात मुलगा असो वा मुलगी, खेळायला निघाले की "तू लहान आहेस, मागे राहा" असे म्हणू नका. जपून खेळ म्हणा, नीट पाहून खेळ म्हणा, ठरवून खेळ म्हणा. शाळेच्या मैदानावर, नोकरीच्या मुलाखतीत, कचेरीच्या खिडकीसमोर, पुढे सगळीकडे समोरचा दांडगाच असणार आहे. तिथे उभे कसे राहायचे आणि पुढे केव्हा जायचे, ह्याची सवय मुलांना ह्या वाळूवरच लागू द्या.

जयभीम.