दोन मीटरचा धागा आणि मेसच्या पोळ्या

आपल्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो, हे आपण बारावीत पाठ केलं. मावतो कसा, हे मात्र कुणी विचारलं नाही!

डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे त्याची वेटोळी एकमेकांना दूर ढकलतात. स्पर्मिडीनसारखे धन भाराचे रेणू घालून सुमारे ९० टक्के भार मारला, की धागा गोळा होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे पुष्कळदा मेदूवड्यासारखे दिसतात. पण तो नमुना वाळलेला. पाण्यात हे घडताना पाहायचं तर फ्लुओरेसन्स हवा. योयो-१ नावाचा रंग एकटा असताना जवळजवळ अंधारा, पण डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरला की शेकडो पट उजळतो.

१९९५ मध्ये जपानमध्ये योशिकावा आणि सहकाऱ्यांनी टी-४ विषाणूचे डीएनए असे एकेक करून पाहिले. संपूर्ण द्रावणाची सरासरी घेतली, तर डीएनए हळूहळू आकसतो असं वाटतं. प्रत्यक्षात एकेक रेणू एकतर मोकळा होता, नाहीतर पूर्ण गोळा! मेसमध्ये निम्म्यांनी सहा पोळ्या हाणल्या आणि निम्म्यांचा उपवास, तर सरासरी तीन. पण तीन पोळ्या खाणारा एकही नाही, तसंच हे.

गोळा झाल्यावर मात्र सूक्ष्मदर्शकात नुसता एक ठिपका उरतो. आत बांधणी किती घट्ट? इथे तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले जी. कृष्णमूर्ती येतात. २००२ मध्ये त्यांनी स्ट्रासबर्गच्या सहकाऱ्यांबरोबर योयो-१ ची चमक वेळेनुसार कशी विझते हे मोजून गोळा झालेल्या डीएनएची रचना तपासली. हा हिशोब नॅनोसेकंदांचा. रंगाचे रेणू जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते, आणि ते चमकेत उमटतं. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे ठिपक्याच्या आतलं सिग्नलवरून ओळखणं मला भलतंच आवडलं.

याचा उपयोग? जनुक-उपचारात डीएनए गुंडाळून पेशीत पाठवावा लागतो. सैल बांधला तर वाटेत तुटतो, फार घट्ट बांधला तर आत सुटत नाही. म्हणून बांधणी मोजता यायला हवी. एक सावधगिरी मात्र हवी: रंग आत शिरला की डीएनए स्वतःच लांबतो. म्हणजे मोजपट्टीच माप बदलते. रंग बेतानेच घालायचा.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला नुसती सरासरी लिहून फाइल मिटू नका. एकेक रीडिंगही बघा!