वेग गेला की गोलंदाज संपला?

वेगवान गोलंदाजाची कारकीर्द वेगावर चालते आणि वेग उतरला की संपते, हा समज ठाणे जिल्ह्यातल्या मैदानांवर पक्का बसलेला आहे. भातकापणीनंतर धसई, मुरबाड, शहापूरकडे मोकळ्या शेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तिथे तो बराचसा खराही आहे. टेनिस बॉलला उंच शिवण नसते आणि मोजक्या षटकांच्या डावात जोरात टाकणारा भारी पडतो. घोळ होतो तो हाच हिशेब लेदर बॉलला लावल्यावर.

मग हमखास ऐकू येते, की झहीर खान इंग्लंडला काउंटी खेळून ‘फास्ट’ होऊन आला. खरा प्रकार जवळजवळ उलटा आहे. श्रीरामपूरचा हा डावखुरा गोलंदाज २००० साली भारताकडून खेळू लागला, तेव्हा त्याचा वेग भरात होता. २००६ मध्ये भारतीय संघातली जागा गेल्यावर तो वूस्टरशर काउंटीकडून पूर्ण हंगाम खेळला आणि तिथे त्याने रनअप चक्क छोटा केला. वेग वाढवायला निघालेला माणूस असे करील कशाला?

काउंटी चॅम्पियनशिपचा सामना चार दिवसांचा असतो. त्या वर्षी प्रत्येक संघाच्या वाट्याला एप्रिल ते सप्टेंबर असे १६ सामने होते, मधूनमधून एकदिवसीय सामने वेगळेच. रोज जीव तोडून धावणाऱ्याची पाठ आणि मांड्या एवढे सोसत नाहीत. त्यामुळे काउंटीचा व्यावसायिक गोलंदाज ताकद राखून बळी मिळवायला शिकतो: शिवण सरळ ठेवायची, क्रीजवरून कोन बदलायचा, डावखुऱ्या फलंदाजाला अराउंड द विकेट टाकायचे, जुन्या चेंडूची एक बाजू सांभाळायची. वूस्टरशरकडून पहिल्याच सामन्यात झहीरने समरसेटचे १० बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर डावातले पहिले नऊही त्याचेच होते. दहावाही मिळायचा, पण यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. चॅम्पियनशिपमध्ये त्याचे एकूण बळी ७८ झाले आणि डिसेंबरात तो भारतीय संघात परतला. पुढे २०१४ पर्यंत तो कसोटी खेळला, कसोटी बळी ३११. वेग हेच भांडवल असते, तर हे गणित जुळत नाही.

२००७ ची इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिज कसोटी भारताने जेली बीन्समुळे जिंकली, हीही एक लाडकी गोष्ट. झहीर फलंदाजीला आला असताना खेळपट्टीवर या गोड गोळ्या टाकल्या गेल्या आणि तो चिडला, एवढे खरे. पण त्याआधीच्या डावात, रागबिग काही नसताना, त्याने चार बळी घेतलेच होते. नंतरचे पाच धरून नऊ. ती मालिका भारताने १-० अशी जिंकली, इंग्लंडमध्ये १९८६ नंतर प्रथमच.

इंग्लंडबद्दलचे आणखी काही समज असेच. ‘तिकडे ढग आले की बॉल आपोआप स्विंग होतो.’ नासातले वायुगतिकीचे संशोधक रवींद्र मेहता यांच्या मते दमट हवेमुळे स्विंग वाढतो याला प्रयोगाचा आधार नाही. तिथल्या ड्यूक्स चेंडूची हाताने घातलेली, ठसठशीत शिवण मात्र नक्कीच मदत करते.

‘काउंटी म्हणजे तिकडची क्लब टूर्नामेंट.’ नाही. ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट आहे, आपल्या रणजीच्या बरोबरीचे. अधिकृत चॅम्पियनशिप १८९० पासूनची, संघ १८.

‘भारतीय संघात घेत नाहीत, मग काउंटीला जातात.’ जाणेही सोपे नसते. पालघरच्या शार्दुल ठाकूरचा २०२५ साठी एसेक्सशी करार झाला होता, पण काउंटीचा एप्रिल म्हणजे आयपीएलचाही एप्रिल. लखनौ संघाचे बोलावणे आले आणि एसेक्सचे राहून गेले.