आटत्या डबक्यातली शर्यत

घाटनांदूरच्या शिवारात पहिला दमदार पाऊस झाला की रात्री डबकी बोलू लागतात. बालाघाटाच्या रांगेतला हा मुलूख. पाऊस कधी येईल आणि कधी दडी मारून बसेल, याचा भरवसा नाही. मग पाण्याबाहेर ज्याचं अंडं सुकून जातं, त्या बेडकानं इथं संसार थाटला तरी कसा?

सगळी करामत बेडूकमाशाची! डबकं आटू लागलं की काही जातींचे बेडूकमासे अंग वाढवायचं सोडून देतात आणि बेडूक व्हायची घाई करतात. आकार लहान राहतो, पण जीव वाचतो. पाणी कमी झालं की मेंदूतून ताणाचं संप्रेरक सुटतं आणि ते थायरॉइडला कामाला लावतं. १९१२ साली गुडरनाच या संशोधकानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच इवलेसे बेडूक होऊन बसले!

आणि हे रूपांतर म्हणजे राहत्या घरात राहूनच ते पायापासून नव्यानं बांधणं. आधी मागचे पाय दिसतात. पुढचे मात्र कातडीखाली गुपचूप वाढत असतात आणि एके दिवशी एकदम बाहेर येतात. डावा तर बहुधा कल्ल्यांतलं पाणी बाहेर टाकायच्या भोकातूनच! शेवाळ खरवडणारे बारीक दात झडतात, लांबलचक वेटोळ्यांचं आतडं आखूड होतं, कल्ले जातात. तोंडच मोडून घडत असताना खायचं काय? शेपूट. ते गळून पडत नाही. आतल्या आत विरघळतं आणि त्यावरच हे उपासाचे दिवस निघतात.

हे सगळं पसरट काचेच्या भांड्यात पाहता येतं. डबक्यातलंच पाणी घ्यावं. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला दिवसभर उघडं ठेवावं. चारच बेडूकमासे पुरेत. उकडलेल्या पालकाचा तुकडा द्यावा आणि उरलेला काढून टाकावा, नाहीतर पाणी नासतं. पुढचे पाय फुटले की पाणी उथळ करून उतरता दगड ठेवायलाच हवा. आता श्वास फुप्फुसांचा. वर यायला जागा नसेल तर बेडूक चक्क बुडून मरतो.

पावसात पिवळाधम्मक होणाऱ्या मोठ्या बेडकाची पिल्लं मात्र यांत मिसळू नयेत. ती मांसाहारी! शेजारचे बेडूकमासे फस्त करून झपाट्यानं वाढतात.

विहिरीतल्या बेडकाची तऱ्हा आणखी निराळी. तो मोठा झाल्यावरही पाणी सोडत नाही. नुसते डोळे वर काढून तरंगतो आणि चाहूल लागली की पाण्याच्या पाठीवरूनच टणाटण उड्या मारत पळतो. बुडायच्या आत पुढची उडी! उन्हाळ्यात डबकी कोरडी पडली तरी पाणी धरून असलेल्या जुन्या विहिरी आणि बारवा त्याला सांभाळतात. ज्याची त्याची जागा अशी वेगळी. म्हणून भांड्यातलं पिल्लू शेपूट जिरल्यावर जिथून आणलं तिथंच सोडावं.