तपासणी आणि कृती यांच्यामधली फट

पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या संशोधन संस्थेत २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर अनेक संशोधक आपापल्या खात्यातून एकाच वेळी काम करतात. त्यामुळे ‘हल्लेखोराला आधी खातं लागतं, मग त्रुटी किरकोळच’ हा लाडका समज इथे टिकत नाही. एका विद्यार्थ्याचा पासवर्ड चोरीला गेला, तरी आत शिरायला तेवढं पुरतं.

आत शिरलेल्याला पुढे हवा असतो रूटचा, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च खात्याचा, अधिकार. लिनक्सवर साधा वापरकर्ता पासवर्ड बदलतो, तेव्हा पासवर्डच्या फाइलला हात लावायचा हक्क त्याला नसतो. रूटच्या हक्काने चालणारा एक छोटा मदतनीस प्रोग्राम ते काम करून देतो. हा सेटयूआयडी प्रोग्राम.

तो सगळं तपासून घेतो म्हणून सुरक्षित, असं मानलं जातं. पण तपासणं आणि वापरणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तपासताना फाइल निरुपद्रवी असते. उघडण्याआधी तिच्या जागी भलत्याच फाइलकडे नेणारी सिमलिंक येते. तपासण्या कितीही वाढवा, शेवटच्या तपासणीनंतरची फट उरतेच.

पुण्यात मोठं कार्यालय असलेल्या ‘क्वालिस’ या सायबर सुरक्षा कंपनीने मे २०२५ मध्ये दाखवलेलं उदाहरण तर नमुनेदार आहे. पासवर्ड पडताळणारा मदतनीस मुद्दाम कोसळवायचा आणि त्याचाच प्रोसेस क्रमांक एका साध्या प्रोग्रामला मिळवून द्यायचा. बँकेत टोकन तेच, खिडकीशी माणूस दुसरा! कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची प्रत ठेवणारा ‘सिस्टिमडी-कोअरडम्प’ फसतो आणि पासवर्डचे हॅश असलेली ती प्रत हल्लेखोराला वाचता येते.

‘इतका सूक्ष्म क्षण कोण साधणार?’ कोणी माणूस साधत नाहीच, प्रोग्राम साधतो, आणि त्याला कंटाळा येत नाही. जुलै २०२४ मध्ये उघड झालेली, दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमधली त्रुटी मदतनीसातली नव्हे, रूटच्याच हक्काने चालणाऱ्या सेवेतली होती. ३२ बिट यंत्रावर तो क्षण गाठायला सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. रूटचा ताबा मिळायला ६ ते ८ तास. तीच चूक २००६ मध्ये दुरुस्त झाली होती. २०२० मधल्या बदलात ती परत आली.

उपाय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात असतो: फाइल एकदाच उघडावी, उघडलेल्या फाइलचीच तपासणी करावी आणि जादा हक्क शक्य तितक्या लवकर सोडावेत. सामायिक लिनक्स यंत्रं सांभाळणाऱ्यांनी मात्र पॅच लावून थांबू नये. सेटयूआयडी प्रोग्रामांची यादी काढावी आणि ज्यांना त्या हक्काची गरज नाही, त्यांचा तो काढून घ्यावा.