आपलाच आवाज, आपल्याच कानाआड

ट्रंक कॉलच्या काळात अकोल्याहून अमरावतीला फोन लागला की घरातली मोठी माणसे हटकून ओरडून बोलत. पलीकडचा आवाज बारीक येतो, म्हणजे आपलाही तिकडे बारीकच जात असणार, असा त्यांचा हिशेब. पण घरापर्यंत आलेल्या दोन तारांवर जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच असतो. त्यामुळे आपल्या ओरडण्याचा काही अंश आपल्याच कानात शिरे आणि पलीकडचा शब्द निसटे. 2005 च्या जानेवारीत भारत संचार निगमने अशाच तांब्याच्या तारांवरून ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा ऐकण्याचे काम मोडेमकडे आले. अडचण मात्र जुनीच राहिली.

टेलिफोनवरचे बोलणे 300 ते 3400 हर्ट्झमध्ये मावते. त्याच्या वरचा मोकळा पट्टा डीएसएल वापरते. एडीएसएलच्या नेहमीच्या प्रकारात सुमारे 26 ते 138 किलोहर्ट्झ ही घराकडून एक्स्चेंजकडे जाणारी चढती वाट, आणि 138 ते 1104 किलोहर्ट्झ ही उतरती. वाटा वेगळ्या आहेत, मग एकीचा दुसरीला त्रास का व्हावा?

थोडे गणित करू. समजा, अकोल्यातली एक शाळा एक्स्चेंजपासून तीन किलोमीटरवर आहे. एक्स्चेंजमधून सुमारे 100 मिलिवॅटचा संकेत निघतो. वाटेत साधारण 40 डेसिबल क्षीणन झाले, तर शाळेत त्याचा दहा हजारावा भाग पोचतो, म्हणजे 0.01 मिलिवॅट. शाळेचा मोडेम मात्र त्याच दोन तारांवर सुमारे 18 मिलिवॅट ओतत असतो. कुजबुजीच्या 1800 पट! मोडेममधले एक मंडल स्वतःचा संकेत वजा करते, गाळण्या उरलेला बराचसा अडवतात. पण तारेचे जोड आणि फाटे यांमुळे ही वजाबाकी पूर्ण जमत नाही. शिवाय जोरकस संकेत मंडलात किंचित विकृत झाला की दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे अंश जन्मतात. 100 किलोहर्ट्झचे 200 आणि 300 होतात, आणि तेही थेट उतरत्या वाटेवर.

म्हणून लांब तारेवर चढत्या संकेताची शक्ती थोडी उतरवली, तर उतरता वेग कधी कधी सुधारतो. ही किल्ली बहुतांशी एक्स्चेंजमधल्या यंत्राच्या हाती असते. पण फार उतरवूनही चालत नाही. आलेल्या माहितीची पोचपावती चढत्या वाटेनेच परत जाते. ती हरवली की पाठवणारा थबकतो.

दुसरी मांडणी पट्ट्याची. एडीएसएलच्या एका सुधारित प्रकारात चढती वाट 276 किलोहर्ट्झपर्यंत वाढवता येते. पाठवण्याचा वेग वाढतो, पण उतरत्या वाटेचे 32 उपपट्टे जातात. प्रत्येकावर 10 बिट आणि सेकंदाला 4000 वेळा, असा हिशेब केला तर 12.8 लाख बिटांचा तोटा. त्यातही हे सर्वांत खालचे, म्हणजे लांबवर टिकणारे उपपट्टे. एक्स्चेंजशेजारच्या घराला हा सौदा परवडेल, गावाच्या टोकाच्या शाळेला नाही.

वऱ्हाडात उन्हाळाही यात हात घालतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. जानेवारीतल्या पहाटेच्या 12 अंशांवरून मेमधल्या 45 अंशांवर गेले की 13 टक्के. उच्च वारंवारतेला परिणाम थोडा कमी, पण खांबावरून उन्हात लोंबणाऱ्या तारेतली कुजबुज आणखी बारीक होते. मोडेमचा स्वतःचा आवाज मात्र तेवढाच!

तांब्याची जागा आता प्रकाशतंतू घेत आहे. तरी हा प्रयोग काड्यापेटीच्या टेलिफोनवर वर्गात करता येईल. एका मुलीने पेटी कानाला लावून सतत गुणगुणत राहावे आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाने दहा शब्द कुजबुजावेत. मग गुणगुणणे हळू करून नवे दहा शब्द घ्यावेत, आणि दोन्ही वेळी किती बरोबर ऐकू आले ते फळ्यावर मांडावे.